किती कापायचं? हॉल्स्टेडच्या शस्त्रक्रियेचं प्रकरण

वैद्यकातली एखादी समजूत ऐंशी वर्षं टिकून मग कोसळते, तेव्हा ती जपणारे लोक आळशी किंवा बेपर्वा असणार असं आपण सहज धरून चालतो. स्तनाच्या कर्करोगावरच्या रॅडिकल मास्टेक्टमीबाबत, म्हणजे स्तनासह आजूबाजूचा भागही काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेबाबत, तसं म्हणता येत नाही. ही शस्त्रक्रिया बसवणारा माणूस त्याच्या काळातल्या सर्वांत काटेकोर सर्जनांपैकी होता. त्याच्यामागून ती करणाऱ्यांनी रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. इथली चूक नीट जुळलेल्या तर्कातून झाली, आणि ती दुरुस्त व्हायला आधी यशाचं माप बदलावं लागलं. ते कसं बदललं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

पन्नास शस्त्रक्रिया

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम हॉल्स्टेडने १८९४ मध्ये आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. जून १८८९ ते जानेवारी १८९४ या काळातल्या या शस्त्रक्रिया. त्याच्या पद्धतीत स्तन, त्यावरची त्वचा, छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथी (शरीरातला लसीका नावाचा द्रव ज्यांतून वाहतो त्या छोट्या गाठी) असं सगळं एकसंध काढलं जाई. मध्ये कुठेही कर्करोगाच्या ऊतीत सुरी शिरू नये, पेशी जखमेत सांडू नयेत, यासाठी हा खटाटोप. पन्नासपैकी फक्त तिघींच्या बाबतीत शस्त्रक्रियेच्या जागी गाठ पुन्हा उगवली होती.

आज हा आकडा वाचून काही वाटणार नाही, पण तेव्हाच्या वाचकांना तो चमत्कार वाटला. त्या काळी स्त्रिया दवाखान्यात येत तेव्हा गाठ बहुधा मोठी झालेली असे, कित्येकदा फुटून वाहत असे. युरोपातल्या नामांकित सर्जनांच्या हातूनही निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याच जागी ती परत येई. छातीवर चिघळणारी जखम घेऊन काढलेले अखेरचे महिने फार वाईट असत. ते हॉल्स्टेडने बऱ्याच अंशी थांबवलं. हे श्रेय त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, घेऊही नये.

त्याच्या डोक्यातलं रोगाचं चित्र असं होतं. कर्करोग एका ठिकाणी सुरू होतो, तिथून लसीकावाहिन्यांच्या वाटेने सलग बाहेर सरकतो आणि काखेतल्या ग्रंथींपाशी काही काळ अडतो. म्हणजे तो एका भूभागात कोंडलेला असतो असा एक काळ असतो, आणि त्या काळात सगळा भूभाग उचलला की रोग संपला. लसीकाग्रंथी गाळणीचं काम करतात हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ (रोगट ऊतींचा अभ्यास करणारा) रुडॉल्फ फिरखोचं मत या चित्रात चपखल बसत होतं. पुढे लंडनच्या सॅम्पसन हँडलीने कर्करोग लसीकावाहिन्यांतून अखंड धाग्यासारखा वाढत जातो असं मांडलं, त्याने चित्र आणखी पक्कं झालं. रक्तातून पेशी दूरवर जातात या शक्यतेला हॉल्स्टेडच्या लेखी फारसं वजन नव्हतं.

शस्त्रक्रिया पसरण्यामागे आणखी एक कारण होतं, त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. सर्जन घडवण्याची निवासी प्रशिक्षणाची पद्धत अमेरिकेत हॉल्स्टेडनेच रुजवली. वर्षानुवर्षं गुरूच्या हाताखाली राहून तयार झालेले त्याचे शिष्य ठिकठिकाणी विभागप्रमुख झाले आणि त्यांनी आपापले शिष्य घडवले. रॅडिकल मास्टेक्टमी त्यांना हाताने शिकवली गेली होती. हाताने शिकलेली गोष्ट नुसता लेख वाचून सुटत नाही.

प्रत्येक निकाल सिद्धान्ताच्या बाजूने

शस्त्रक्रियेच्या जागी गाठ परत आली नाही, तर शस्त्रक्रिया यशस्वी ठरे. परत आली, तर पुरेसं कापलं नव्हतं असं म्हटलं जाई. जागा स्वच्छ राहिली पण दोन वर्षांनी रुग्ण यकृतात किंवा हाडांत रोग पसरून गेली, तर ती उशिरा आली होती. असा एकही निकाल उरत नव्हता, ज्यामुळे मूळ चित्राबद्दल शंका यावी. मला या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. हॉल्स्टेडच्या शस्त्रक्रियेने स्थानिक पुनरागमन, म्हणजे त्याच जागी रोग परत येणं, कमी केलं आणि तेच यशाचं माप ठरलं. रुग्ण किती जगली हे नोंदलं जात होतं. हॉल्स्टेडच्या स्वतःच्या नंतरच्या आकड्यांतही काखेत रोग नसलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक जगल्या आणि काखेत व मानेत रोग असलेल्यांपैकी फार थोड्या. शस्त्रक्रिया दोन्हींवर तीच झाली होती. फरक रुग्णाच्या आजारातून येतोय, सर्जनच्या सुरीतून नाही, असं हे आकडे सुचवत होते. पण त्यांचा अर्थ “लवकर या आणि अधिक कापा” असा लावला गेला.

दुसरं चित्रही उपलब्ध होतं. १८८९ मध्येच, म्हणजे हॉल्स्टेडची ती पन्नास रुग्णांची मालिका सुरू झाली त्या वर्षी, लंडनच्या स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग काही अवयवांत वारंवार आणि काहींत क्वचितच आढळत होता. बीज सगळीकडे जातं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच, असं त्याचं म्हणणं. या मांडणीत रोग लवकरच शरीरभर पोहोचलेला असू शकतो. मग पॅजेटकडे कुणी लक्ष का दिलं नाही? मला याचं उत्तर साधं वाटतं. त्याचं म्हणणं खरं मानलं तरी डॉक्टरने उद्या सकाळी काय करायचं, हे त्यातून निघत नव्हतं. शरीरभर पोहोचलेल्या रोगावर तेव्हा औषधच नव्हतं. हॉल्स्टेडच्या चित्रातून मात्र एक ठोस कृती निघत होती. ज्या विचारापाशी कृती नसते, त्याला रुग्णालयात फार काळ वाट पाहावी लागते.

म्हणून मग निकाल हवे तसे येईनात तेव्हा सर्जन आणखी पुढे सरकले. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेरोम अर्बनने उरोस्थीची (छातीच्या मधल्या हाडाची) कड आणि बरगड्यांचे तुकडे काढून छातीच्या आतल्या ग्रंथींपर्यंत हात घातला. मिनेसोटाचा ओवेन वँगेनस्टीन मानेत आणि छातीच्या पोकळीत शिरला. सिद्धान्ताला धरून पाहिलं तर यात काहीच वावगं नव्हतं.

याची किंमत स्त्रियांच्या शरीराने मोजली. गळ्याच्या हाडाखाली खळगा, त्वचेखाली थेट बरगड्या, न वळणारा खांदा, आणि लसीकेची वाट बंद झाल्याने कायम सुजलेला हात. संमतीची रीतसुद्धा याच सिद्धान्ताने ठरवली होती. रोग सतत पुढे सरकतो आहे असं मानलं की एक दिवसही घालवायचा नसतो. म्हणून रुग्णाला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून गोठवून लगेच तपासायचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढायचा, असा शिरस्ता होता. शुद्धीवर येईपर्यंत आपल्याला कर्करोग आहे की नाही, स्तन राहिला की गेला, हे तिला ठाऊक नसे. २८ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर रॅडिकल मास्टेक्टमी झाली, तीही याच पद्धतीने.

शंका घेणारे, आणि त्यांना मिळालेलं योग्य उत्तर

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियम या किरणोत्सर्गी धातूच्या सुया ऊतीत बसवून उपचार सुरू केले. पुढे ते फक्त गाठ काढून रेडियम देऊ लागले. त्यांचे निकाल मोठ्या शस्त्रक्रियेच्या निकालांच्या बरोबरीचे होते. दुसरं महायुद्ध आलं, बॉम्बहल्ल्याच्या भीतीने रेडियम हलवलं गेलं, काम थांबलं. १९४८ मध्ये एडिंबराच्या रॉबर्ट मॅक्‌व्हर्टर यांनी फक्त स्तन काढून किरणोपचार दिलेल्या रुग्णांचे निकाल मांडले. तेही तितकेच चांगले होते.

यांपैकी कुणाचंच पटलं नाही. “तुमच्याकडे आलेल्या रुग्ण आणि आमच्याकडे आलेल्या रुग्ण सारख्या कशावरून?” हा आक्षेप घेतला गेला, आणि तो अगदी रास्त होता. ज्याने त्याने आपल्या रुग्णांचे आकडे दाखवायचे, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. फक्त हाच आक्षेप रॅडिकल शस्त्रक्रियेच्या आकड्यांनाही लागू होता, हे कुणी बोललं नाही. न्यूयॉर्कच्या कुशमन हागेन्सन यांनी आर्थर स्टाउट यांच्यासोबत १९४३ मध्ये कुणावर शस्त्रक्रिया करू नये याचे निकष काढले. निकष उत्तम होते, त्यांनी अनेक स्त्रियांची निरर्थक शस्त्रक्रियेतून सुटका केली. पण रोग फार पुढे गेलेल्या रुग्ण वगळल्या की उरलेल्यांचा सरासरी निकाल आपोआप सुधारतो, शस्त्रक्रिया तीच राहिली तरी. हागेन्सन यांच्याइतकं बारकाईने रुग्ण तपासणारे थोडेच होते, आणि ते अखेरपर्यंत रॅडिकल मास्टेक्टमीच्या बाजूने उभे राहिले. स्वतःच्या रुग्णांवर नजर ठेवून बसलेल्या माणसाला ही चूक दिसूच शकत नाही. तिथे तुलना करायला दुसरा गटच नसतो.

चिठ्ठी

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यकृताच्या पुनर्निर्मितीवर काम करणारे सर्जन होते. स्तनाच्या कर्करोगात त्यांना खास रस नव्हता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ज्येष्ठ सर्जन आयसिडोर रॅव्हडिन यांनी त्यांना स्तनाच्या कर्करोगावरच्या एका बहुकेंद्री चाचणीत ओढलं, आणि रोग पसरतो कसा याबद्दल किती कमी माहिती आहे हे फिशर यांना जाणवलं. भाऊ एडविन फिशर विकृतिशास्त्रज्ञ होते. दोघांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोगांची मालिका केली. कर्करोगाच्या पेशी लसीकाग्रंथीत अडकून राहत नव्हत्या, त्या पलीकडे जात होत्या. लसीका आणि रक्त यांच्यात येजा होती. काही पेशी दीर्घकाळ निपचित पडून नंतर वाढत होत्या.

यातून फिशर यांनी काढलेला निष्कर्ष हॉल्स्टेडच्या नेमका उलट होता. हाताला लागणारी गाठ ज्या रुग्णात आहे, तिच्यात रोग पसरलेला असेल तर तो आधीच पसरलेला आहे. काखेतल्या ग्रंथी म्हणजे वेस नव्हे, पसरण्याची खूण आहे. मग छातीवर किती कापलं याने आयुष्यावर फारसा फरक पडणार नाही. या मांडणीचं मोठं बळ हे की ती खोटी ठरू शकत होती. कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठी टाकून ठरवा आणि पाहा.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. ज्या सर्जनने आयुष्यभर एकच शस्त्रक्रिया योग्य मानली, त्याने समोरच्या स्त्रीला सांगायचं की कोणती चांगली हे आम्हाला माहीत नाही, तुमची पद्धत नशीब ठरवेल. कित्येकांना हे अनैतिक वाटलं. माझ्या मते विचार बदलण्याचा खरा क्षण इथे आहे, निकाल हाती आले तेव्हा नाही. “मला माहीत नाही” हे रुग्णासमोर म्हणण्याची तयारी झाली, तेव्हा जुनं चित्र निम्मं गेलं होतं.

१९७१ ते १९७४ या काळात ३४ केंद्रांत फिशर यांच्या गटाची बी-०४ चाचणी झाली. काखेत हाताला ग्रंथी लागत नव्हत्या अशा १,०७९ स्त्रियांचे तीन गट केले: रॅडिकल मास्टेक्टमी, फक्त स्तन काढून किरणोपचार, आणि फक्त स्तन काढून काखेला हात न लावणं, पुढे ग्रंथी वाढल्या तरच त्या काढणं. ग्रंथी लागत होत्या अशा ५८६ जणींना यांतल्या पहिल्या दोन उपचारांत वाटलं.

तिसऱ्या गटाकडे नीट पाहावं. रॅडिकल गटातल्या काखेच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांत रोग निघाला. चिठ्ठीने गट पाडलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच स्त्रियांच्या काखेत रोग असणार, आणि तो तिथेच ठेवला गेला. हॉल्स्टेडचं चित्र खरं असतं तर या बायका अधिक संख्येने मरायला हव्या होत्या. तसं झालं नाही. उलट त्यांच्यापैकी जेमतेम १८ टक्क्यांच्या काखेत पुढे ग्रंथी वाढल्या. राहिलेल्या रोगातला निम्म्याहून अधिक कधी वर आलाच नाही. २५ वर्षांनंतर, २००२ मध्ये, गटांमध्ये जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. लहानसा फरक पकडण्याइतकी ही चाचणी मोठी नव्हती, आणि काखेला हात न लावायच्या गटातही काहींच्या थोड्या ग्रंथी स्तनाबरोबर निघाल्याच होत्या. या मर्यादा मान्य करूनही, ज्या मोठ्या फायद्याच्या नावाने छातीचे स्नायू कापले जात होते तो कुठेच दिसला नाही.

स्तन ठेवून

मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी पुढचा प्रश्न घेतला: स्तन काढायचाच का? १९७३ ते १९८० मध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकी निम्म्यांवर रॅडिकल मास्टेक्टमी झाली. उरलेल्यांच्या स्तनाचा गाठीभोवतीचा भाग आणि काखेतल्या ग्रंथी काढून किरणोपचार दिले गेले. वीस वर्षांनंतर पहिल्या गटात आठ जणींना स्थानिक पुनरागमन झालं, दुसऱ्या गटात तीस जणींना. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू पहिल्या गटात २४.३ टक्के, दुसऱ्या गटात २६.१ टक्के. या फरकाला संख्याशास्त्रीय अर्थ नव्हता.

फिशर यांच्या गटाची बी-०६ चाचणी १९७६ मध्ये सुरू झाली. तिथे गाठ चार सेंटिमीटरपर्यंत चालणार होती आणि एक गट असा होता, जिथे स्तनातून फक्त गाठ काढली, किरणोपचारही नाहीत. वीस वर्षांत त्या गटात ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. किरणोपचार मिळालेल्यांत १४.३ टक्के. जगण्यात हे दोन्ही आणि पूर्ण स्तन काढलेला तिसरा गट सारखे.

हॉल्स्टेडने १८९४ मध्ये जे मोजलं होतं, ते इथे ठळकपणे बदलत होतं, आणि आयुष्य बदलत नव्हतं. ऐंशी वर्षं एकच समजलेल्या या दोन गोष्टी चाचणीने सुट्या करून दाखवल्या.

आकड्यांसोबत रुग्णांचंही काम होतं. पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ मध्ये गाठ लागली तेव्हा त्यांनी भुलीतच निर्णय घेण्याला नकार दिला. आधी फक्त बायोप्सी, मग विचार, मग शस्त्रक्रिया, हा त्यांचा आग्रह अनेक सर्जनांना मान्य नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीत कुशनर होत्या. समितीने रॅडिकल मास्टेक्टमी मागे टाकली आणि निदान व शस्त्रक्रिया वेगळ्या दिवशी करण्याची शिफारस केली. रोग पसरला की नाही हे आधीच ठरलेलं असेल तर आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही, हे नव्या चित्रातूनच निघत होतं. १९९० च्या समितीने सुरुवातीच्या अवस्थेतल्या बहुतेक स्त्रियांसाठी स्तन राखणं श्रेयस्कर ठरवलं.

१९९४ मध्ये मोठं वादळ आलं. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने चाचणीत घातलेल्या काही रुग्णांच्या नोंदींत फेरफार केल्याचं उघड झालं, फिशर यांना प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. त्या केंद्राचे सगळे रुग्ण वगळून हिशेब पुन्हा झाला, निष्कर्ष तेच राहिले. फिशर पुढे निर्दोष ठरले. अनेक केंद्रांच्या चाचणीचं हे सामर्थ्य आहे की एक केंद्र पूर्ण पुसूनही उत्तर उभं राहतं. हॉल्स्टेडच्या काळी सगळं एका माणसाच्या वहीवर टेकलेलं होतं.

नव्या विचाराचं अति

जुना विचार गेला, पण “अधिक म्हणजे चांगलं” ही सवय गेली नाही. ती सुरीकडून औषधाकडे सरकली. रोग शरीरभर असतो तर औषध जमेल तितकं मोठ्या मात्रेत द्या, या तर्काने १९८० आणि १९९० च्या दशकांत अस्थिमज्जा किंवा मूलपेशी काढून ठेवून, प्राणावर बेतेल इतकी किमोथेरपी देऊन त्या परत देण्याचा उपचार पसरला. हजारो स्त्रियांनी तो घेतला, चाचण्यांचे निकाल येण्याआधीच. १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा बहुतेकांत फायदा दिसला नाही. ठळक फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली चाचणी २००० मध्ये बनावट निघाली. मला हा भाग हॉल्स्टेडच्या कथेहून अधिक बोचतो. चिठ्ठी टाकून पाहण्याची रीत तोवर सर्वांना माहीत होती.

फिशर यांचं चित्रही पूर्ण नव्हतं. १९९७ मध्ये डेन्मार्क आणि ब्रिटिश कोलंबियातल्या चाचण्यांत दिसलं की काखेत रोग असलेल्या स्त्रियांना मास्टेक्टमी आणि औषधांनंतर छातीवर किरणोपचार दिले तर त्या अधिक जगतात. किरणोपचारतज्ज्ञ सॅम्युअल हेलमन यांनी १९९४ मध्येच मधली मांडणी केली होती: काही रोग स्थानिकच राहतात, काही सुरुवातीपासून पसरलेले असतात, आणि मध्ये असे असतात जे वाटेत असताना अडवता येतात. २००५ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की दर चार स्थानिक पुनरागमनं टाळली तर पंधरा वर्षांत साधारण एक मृत्यू टळतो. हॉल्स्टेडच्या मते हे प्रमाण एकास एक असायला हवं, फिशर यांच्या कडक मांडणीत शून्य.

काख, पुन्हा

१९९० च्या दशकात गाठीतून लसीका सर्वांत आधी ज्या एकदोन ग्रंथींत जाते, तेवढ्याच शोधून तपासण्याचं तंत्र आलं. त्या स्वच्छ असतील तर काख सोडून द्यायची. मग अमेरिकेतल्या झेड-००११ चाचणीने विचारलं: एकदोन ग्रंथींत रोग निघाला तरीही बाकीच्या सोडल्या तर? स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या ८९१ स्त्रियांत, दहा वर्षांनी, काख सोडलेल्यांपैकी ८६.३ टक्के आणि काख साफ केलेल्यांपैकी ८३.६ टक्के जिवंत होत्या. ही चाचणी ठरवलेल्या संख्येआधीच बंद झाली होती, त्यामुळे अनेक सर्जन सुरुवातीला साशंक राहिले. तरी त्यांचा व्यवहार बदलला, कारण सुजलेल्या हाताचं ओझं त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

२०२३ मध्ये वेरोनेसी यांनी स्थापलेल्या मिलानमधल्या संस्थेने आणखी एक पाऊल टाकलं. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ, सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा १,४०५ स्त्रियांत निम्म्यांच्या पहिल्या ग्रंथीही काढल्या नाहीत. पाच वर्षांनी दूर कुठेही रोग न पसरता जगलेल्यांचं प्रमाण ग्रंथी तपासलेल्यांत ९७.७ टक्के आणि न तपासलेल्यांत ९८ टक्के होतं. आता सर्जनसमोरचा प्रश्न वेगळा आहे: ग्रंथी तपासून मिळणाऱ्या माहितीने या रुग्णाचं औषध बदलणार आहे का? वयस्कर स्त्रीत, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या लहान गाठीत, बहुधा नाही. तरुण स्त्रीत किंवा किमोथेरपीचा निर्णय ग्रंथीवर अडला असेल तिथे बदलू शकतं, आणि तिथे ग्रंथी अजूनही काढली जाते.